नदी, रूळ आणि पावणेदोन लाख माणसे: बदलापूरचे प्रकरण

मुंबईच्या नागरी समूहात २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांनी आठ स्थानिक संस्था धरल्या होत्या: बृहन्मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, उल्हासनगर, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर. यांत लोकसंख्येने सर्वांत लहान होते ते बदलापूर. २००१ मध्ये तेथे ९७,९४८ माणसे मोजली गेली आणि २०११ मध्ये १,७४,२२६. दहा वर्षांतील ही वाढ सुमारे ७८ टक्के भरते आणि आठही संस्थांत ती सर्वाधिक आहे. याच काळात नवी मुंबई ५९ टक्क्यांनी, मीरा-भाईंदर साडेपंचावन्न टक्क्यांनी आणि ठाणे ४६ टक्क्यांनी वाढले. बृहन्मुंबईची वाढ मात्र चार टक्क्यांच्याही आत राहिली. कल्याण-डोंबिवलीचा आकडा जेमतेम साडेचार टक्के दिसतो, पण मधल्या काळात सत्तावीस गावे महापालिकेतून वगळली गेली होती, त्यामुळे त्या आकड्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये.

समूहाची एकूण लोकसंख्या या दशकात १,६४,३४,३८६ वरून १,८३,९४,९१२ वर गेली, म्हणजे साडेएकोणीस लाखांहून थोडी अधिक भर पडली. २००१ मध्ये बदलापूरचा समूहातील वाटा अवघा ०.६ टक्का होता, पण नव्याने पडलेल्या भरीतला त्याचा वाटा जवळजवळ ३.९ टक्के निघतो. आपल्या आकारमानाच्या सहा-साडेसहा पट ओझे या गावाने त्या दहा वर्षांत उचलले. ते गावाच्या वाट्याला का आले, आणि आलेली माणसे गावातल्या नेमक्या कोणत्या जमिनीवर जाऊन बसली, हे दोन प्रश्न या प्रकरणाच्या मुळाशी आहेत. पहिल्याचे उत्तर बरेचसे बदलापूरच्या बाहेर सापडते. दुसऱ्याचे मात्र नदीकाठीच शोधावे लागते.

जागेची घडण

बदलापूर उल्हास नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. एका बाजूला मलंगगडापासून तावली, चंदेरी आणि पुढे पेब व माथेरानपर्यंत गेलेली डोंगररांग आहे, तर दुसऱ्या बाजूला, बरीच दूर, सह्याद्रीची मुख्य धार. या दोहोंमधल्या सखल पट्ट्यातून नदी आणि लोहमार्ग जवळजवळ समांतर चालतात. कल्याणहून पळसदरी-खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला आणि पुढे तोच बोरघाट चढून पुण्याकडे गेला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटरवर आहे आणि कल्याणपासून साधारण १४ किलोमीटरवर.

नवख्या माणसाला येथे एक गोष्ट चकवते. ठाण्यापर्यंत साधारण उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग कल्याणनंतर आग्नेयेकडे वळतो, पण रुळांच्या डाव्या-उजव्या अंगांची ‘पश्चिम’ आणि ‘पूर्व’ ही नावे मात्र तशीच पुढे चालत राहतात. त्यामुळे बदलापूर पश्चिम होकायंत्राप्रमाणे पाहिले तर रुळांच्या ईशान्येला आहे, आणि बदलापूर पूर्व, म्हणजे कुळगावची बाजू, नैर्ऋत्येला. पश्चिमेकडून निघालेला रस्ता उल्हास ओलांडून बारवी धरणाकडे जातो. पूर्वेकडून निघालेली वाट कोंडेश्वर आणि चंदेरीच्या पायथ्याशी पोहोचते. नावांचा हा घोळ एरवी गमतीचा ठरला असता, पण पुराच्या दृष्टीने कोणती बाजू सखल आणि कोणती चढावर हे समजून घ्यायचे तर तो आधी सोडवावा लागतो. पूर्वेकडची जमीन डोंगराकडे चढत जाते, पश्चिमेकडची नदीकडे उतरते.

नगर परिषदेचे क्षेत्र सुमारे ३६ चौरस किलोमीटर आहे. कुळगाव, बदलापूर गाव, कात्रप, बेलवली, शिरगाव, मांजर्ली, वालिवली, सोनिवली, खरवई, जोवेली, माणकिवली अशी मूळची वेगवेगळी गावे आणि पाडे मिळून हे शहर बनले आहे. १९८३ मध्ये कल्याण महापालिका स्थापन झाली तेव्हा बदलापूर आणि अंबरनाथ तिच्यात सामील करण्यात आले होते. १९९२ मध्ये दोन्ही वेगळी झाली आणि कुळगाव-बदलापूर नगर परिषद अस्तित्वात आली. २०११ ची लोकसंख्या या क्षेत्राने भागली तर दर चौरस किलोमीटरला ४,९०० च्या आसपास माणसे येतात. मुंबईच्या वीस हजारांच्या घनतेपुढे हा आकडा अगदी हवेशीर वाटतो. पण या छत्तीस चौरस किलोमीटरांत नदीचे पात्र, तिचा पूरप्रदेश, शेते, डोंगराचे उतार आणि पूर्वेकडची औद्योगिक वसाहत हे सगळे आले. लोक प्रत्यक्षात स्थानकाभोवतीच्या आणि मुख्य रस्त्यांलगतच्या पट्ट्यात दाटले आहेत. सरासरी घनतेवर विसंबून पाणी किंवा रस्ते यांचा हिशेब करणाऱ्याची फसगत ठरलेली आहे.

माणसे कोठून आणि का आली

मूळच्या गावांत आगरी आणि कुणबी शेतकरी, डोंगराकडच्या वाड्यापाड्यांवर ठाकूर व कातकरी अशी वस्ती होती. भात हे मुख्य पीक. आसपासच्या गावांतली जांभळेही नावाजलेली होती आणि बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मात्र ज्या जमिनीवर ती झाडे उभी होती, तिला आता जांभळापेक्षा फार मोठा भाव मिळतो, हे झाडांच्या मालकांनाही ठाऊक आहे.

नवी माणसे आली ती मुख्यतः मुंबईच्या आतल्या भागातून. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या बेटाची लोकसंख्या २००१ मध्ये ३३,३८,०३१ होती आणि २०११ मध्ये ती ३०,८५,४११ वर उतरली. अडीच लाखांची ही घट जन्ममृत्यूच्या हिशेबाने समजत नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळच्या कुटुंबांचे उत्पन्न आटले. चाळींतल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत दुसरी आणि तिसरी पिढी मावेनाशी झाली. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहू लागले. खोली विकून किंवा भावाभावांत वाटणी करून हाती आलेल्या रकमेत दादर-परळला काही मिळत नव्हते. डोंबिवलीतही भाव चढल्यावर तीच रक्कम घेऊन माणूस पुढच्या स्थानकांवर उतरू लागला. एका मर्यादेपर्यंत हे गणित सरळ आहे: स्थानकागणिक घराचा भाव खाली येतो आणि प्रवासाची वेळ वाढते. बदलापूर हे असे ठिकाण ठरले, जेथे वन बीएचके परवडते आणि मुंबईतली नोकरीही सोडावी लागत नाही.

माझ्या मते या वाढीचे खरे कारण बदलापूरच्या स्वतःच्या गुणांत शोधणे चूक आहे. जाहिरातींत हिरवे डोंगर, धबधबे आणि शुद्ध हवा दिसत असली तरी माणसे डोंगर पाहून आली नाहीत. तसे असते तर लोहमार्गापासून दूर, पण तितक्याच हिरव्या असलेल्या मुरबाडकडच्या गावांतही अशीच वाढ दिसली असती. लोकलचा मासिक पास हा या शहराचा खरा पाया आहे. रेल्वेचे उपनगरी भाडे अंतराच्या मानाने अत्यल्प आहे. त्या स्वस्ताईमुळेच घरभाड्याचा किंवा हप्त्याचा फरक कुटुंबाच्या खिशात राहतो. रस्त्याने रोज मुंबई गाठायची असती तर ही वाढ निम्म्यावर आली असती.

माणसांची ही निवड घरागणिक वेगवेगळी असली तरी तिचा एकत्रित परिणाम एकसारखा झाला. आलेल्या कुटुंबांत मराठी मध्यमवर्ग आणि निम्न मध्यमवर्ग मोठ्या संख्येने असल्यामुळे ग्रंथालये, नाट्यप्रयोग, ढोलताशा पथके आणि दिवाळी पहाटेचे कार्यक्रम या गोष्टी येथे लवकर रुजल्या. गिरगाव-दादरमध्ये जे विरत गेले, त्यातले बरेच येथे पुन्हा बांधले गेले आहे.

पश्चिमेकडचा उतार

आता दुसरा प्रश्न. नव्या इमारती शहराच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिल्या, परंतु पूर्वेकडे डोंगराचा पायथा, वनजमिनी आणि माणकिवली-खरवईची औद्योगिक वसाहत यांनी विस्ताराला मर्यादा घातल्या. पश्चिमेकडे मात्र स्थानकापासून नदीपर्यंत सपाट भातजमीन पसरलेली होती. सपाट जमिनीवर बांधकामाचा खर्च कमी येतो, रस्ता सरळ काढता येतो आणि शेतकऱ्याकडून सलग तुकडा मिळतो. त्यामुळे शहर नदीकडे सरकत गेले. त्या जमिनी सपाट होत्या त्याचे कारण शतकानुशतके नदीच्या पुराने तेथे गाळ आणून टाकला होता, ही साधी भूगोलाची बाब घर घेताना कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

उल्हास लोणावळा-खंडाळ्याच्या कड्यांखाली उगम पावते आणि कर्जत, नेरळमार्गे येथे येते. सह्याद्रीवरून पाणी अत्यंत कमी अंतरात शेकडो मीटर खाली उतरते आणि मग एकदम सपाट खोऱ्यात येऊन रेंगाळते. बदलापूर या रेंगाळण्याच्या जागी आहे. कर्जत-खंडाळा परिसरात रात्रभर मुसळधार पाऊस झाला की काही तासांत येथे पातळी चढते. शहरात त्या वेळी पाऊस ओसरलेला असला तरी फरक पडत नाही. बदलापूरजवळ उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर धरली जाते, आणि पावसाळ्यात नदीकाठच्या कुटुंबांचे लक्ष या दोन आकड्यांवर खिळलेले असते.

२६ जुलै २००५ च्या पुराने नदीकाठची वस्ती पाण्याखाली नेली. त्यानंतर २०१९ आणि २०२१ मध्येही हेंद्रेपाडा, रमेशवाडी, मांजर्ली, वालिवली या भागांत पाणी शिरले. २०१९ च्या पुराची देशभर चर्चा झाली ती एका गाडीमुळे. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस २७ जुलैच्या पहाटे बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पाण्यात अडकली, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व स्थानिक लोकांच्या मदतीने एक हजाराहून अधिक प्रवाशांना सुखरूप बाहेर काढण्यात आले. गाडीची ही घटना नाट्यमय असल्याने सर्वांच्या लक्षात राहिली; तळमजल्यावरची घरे, दुकाने आणि पार्किंगमधली वाहने बुडालेल्या कुटुंबांचे नुकसान त्या मानाने बातम्यांतून लवकर ओसरले.

प्रत्येक पुरानंतर शहरात एक समज पसरतो की बारवी धरणाचे दरवाजे उघडल्याने पाणी आले. बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे आहे, त्याचे दरवाजे स्वयंचलित आहेत आणि पाणी ७२.६० मीटरच्या पातळीला पोहोचल्यावर ते उघडतात, हे खरे. पण बारवी नदी उल्हासला मिळते ती बदलापूरच्या खालच्या अंगाला, जांभूळ गावाच्या परिसरात. फार तर खालचा प्रवाह तुंबून वरची पातळी काही प्रमाणात रेंगाळू शकते. पुराचे मूळ कारण धरण असू शकत नाही. उलट बदलापूरच्या वरच्या अंगाला खुद्द उल्हासवर पूर अडवून धरील असे एकही मोठे धरण नाही, आणि पुराच्या तीव्रतेमागे हे कारण अधिक वजनदार आहे. डोंगरातून येणारे नाले हे आणखी एक कारण. रुळ आणि रस्ते यांच्या भरावाखालून नदीकडे जाणाऱ्या या नाल्यांची तोंडे नदी फुगली की बंद होतात, आणि मग नदीपासून दूर असलेल्या सोसायटीतही पाणी साचते.

जलसंपदा विभाग अशा नद्यांसाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचे नाही आणि दोन रेषांच्या मध्ये अटींसह करायचे, असा नियम आहे. बदलापूरमध्ये या रेषा आखल्या जाईपर्यंत त्यांच्या आत बरेच बांधकाम उभे राहिले होते. परिणामी जुन्या इमारतींचा पुनर्विकास अडला, आणि ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी रीतसर परवानगी असलेली घरे विकत घेतली त्यांना आपण पूररेषेत राहतो हे नंतर कळले. यावर ‘रेषा चुकीची आहे, ती पुन्हा आखा’ अशी मागणी होते. रेषेचे सर्वेक्षण अधिक अचूक करता येईल यात शंका नाही, पण २००५ नंतरचे पूर पाहता रेषा नदीकडे ढकलून प्रश्न सुटेल असे मानणे कठीण आहे. अडकलेल्या कुटुंबांना दुसरीकडे वापरता येईल असा विकासहक्क देणे, म्हणजे टीडीआरचा मार्ग, हा अधिक सरळ उपाय आहे; त्यासाठी पूर्वेकडच्या चढावर तो वापरण्याजोगी जागा आणि तेथवर जाणारे रस्ते आधी हवेत.

पिण्याचे पाणी

ज्या नदीचे भय वाटते, तिच्याच पाण्यावर शहर जगते. महाराष्ट्र जीवन प्राधिकरण उल्हासवरील बॅरेज बंधाऱ्यातून पाणी उचलून शहराला पुरवते. येथे एक विलक्षण भौगोलिक योग आहे. उल्हास पावसाळी नदी. उन्हाळ्यात तिचा प्रवाह क्षीण झाला असता. परंतु मावळातील ठोकरवाडी धरणाचे, म्हणजे मुळात भीमेच्या खोऱ्यातील आंध्रा नदीचे पाणी घाटाखाली आणून टाटांनी भिवपुरी येथे १९२२ मध्ये वीजकेंद्र सुरू केले, आणि वीज तयार झाल्यावर ते पाणी उल्हासमध्ये सोडले जाते. त्या सोडलेल्या पाण्यामुळे उल्हास बारमाही झाली. एरवी पंढरपूरमार्गे बंगालच्या उपसागराला गेले असते ते पाणी आज बदलापूरच्या नळाला येते. विजेच्या गरजेसाठी शंभर वर्षांपूर्वी घेतलेल्या एका निर्णयावर आजच्या लाखो लोकांची तहान अवलंबून असावी, ही व्यवस्था टिकाऊ म्हणता येत नाही. कर्जत तालुक्यातील पोशीर आणि शिलार या धरणांना राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली ती याच टंचाईच्या पार्श्वभूमीवर.

सांडपाण्याची बाजू तितकीच महत्त्वाची. बदलापूरच्या खाली याच नदीतून कल्याण, उल्हासनगर आणि शहाड-टेमघर योजनेमार्फत ठाणे-भिवंडीकडच्या भागांसाठी पाणी उचलले जाते. वरच्या शहराने प्रक्रिया न करता काही सोडले तर ते खालच्या शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोहोचते. भुयारी गटार योजना बदलापूरमध्ये आली, पण प्रत्येक नवी सोसायटी त्या वाहिनीला जोडलेली आहे की नाही, हे तपासण्याचे काम इमारतीचे उद्घाटन करण्याइतके आकर्षक नसते.

मोजणीच्या पलीकडचे शहर

एक लाखाहून अधिक लोकसंख्येमुळे कुळगाव-बदलापूर ‘अ’ वर्ग नगर परिषद आहे. महापालिका होण्यासाठी साधारण तीन लाखांची अट आहे. प्रश्न असा की कोणत्या आकड्याने? २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची २०२७ मध्ये व्हायची आहे. तोपर्यंत पाण्याचा कोटा, कर्मचाऱ्यांची पदे, निधी या सगळ्यांचा अधिकृत आधार १,७४,२२६ हाच राहतो. ज्या शहराने मागच्या मोजलेल्या दशकात ७८ टक्के वाढ दाखवली, त्याच्या बाबतीत इतका जुना आकडा वापरणे म्हणजे वाढत्या मुलाला पाचवीतला गणवेश दहावीत घालायला लावण्यासारखे आहे.

शिवाय जनगणना मोजते ती रात्री राहणारी माणसे. पहाटे साडेचारपासून नऊपर्यंत कमावत्या वयाच्या लोकांचा मोठा भाग शहराबाहेर जातो आणि रात्री आठ ते अकराच्या दरम्यान परततो. दिवसा मागे राहतात शाळकरी मुले, वृद्ध, घर सांभाळणारी माणसे आणि स्थानिक व्यावसायिक. याचे परिणाम बारीक पण खोल आहेत. नगर परिषदेच्या कार्यालयीन वेळेत तक्रार घेऊन जाऊ शकेल असा करदाता मुंबईत कामावर असतो. पूर दुपारी वाढला तर घरी असलेले वृद्ध आणि मुले यांनाच सामान वर हलवावे लागते, कारण लोकल बंद पडल्याने कर्ती माणसे ठाणे-कुर्ल्याला अडकलेली असतात. २००५ मध्ये नेमके हेच घडले. आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा रात्रीच्या लोकसंख्येवर बेतलेला असेल तर तो दुपारच्या शहराला उपयोगी पडत नाही.

लोहमार्गाची क्षमता हा तर रोजचा विषय. कल्याणपुढे कर्जतच्या दिशेने दोनच मार्गिका, आणि त्यांवरून पुण्याकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्याही जातात. कर्जत किंवा खोपोलीहून येणारी लोकल बदलापूरला आधीच भरलेली असते, म्हणून बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीची वाट पाहिली जाते. तीही परतीच्या दिशेने येताना अंबरनाथहून डाऊन करून, म्हणजे जागा धरण्यासाठी आधी उलट दिशेने प्रवास करून, बसलेल्या प्रवाशांनी अर्धी भरून येते, आणि त्यावरून दारात वाद होतात. कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या ३-अ टप्प्यात घेतली आहे, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या मध्ये चिखलोली हे नवे स्थानक व्हायचे आहे. शहराच्या आतही रूळ हीच मोठी अडचण आहे, कारण पूर्व-पश्चिम वाहतुकीची मुख्य भिस्त एका उड्डाणपुलावर आहे आणि बेलवलीच्या भुयारी मार्गात जोराच्या पावसात पाणी भरते.

नव्या मार्गिकांनी गर्दी हलकी होईल असे मानले जाते, परंतु डोंबिवलीपासून येथवरचा अनुभव वेगळे सांगतो. गाड्या वाढल्या की त्या स्थानकापर्यंतचे घर अधिक लोकांना परवडणारे वाटते, भाव चढतात, आणि न परवडणारी कुटुंबे पुढच्या स्थानकाकडे सरकतात. वांगणी, शेलू आणि नेरळ येथे ही प्रक्रिया सुरू झालेली आहे. ती गावेही उल्हासच्याच खोऱ्यात, त्याच सपाट भातजमिनींवर आहेत, आणि तेथे नव्या वसाहतींचे नकाशे मंजूर होत आहेत. बदलापूरमध्ये पूररेषा इमारतींनंतर आली. वांगणी-नेरळच्या पट्ट्यात ती नकाशा मंजूर करणाऱ्याच्या टेबलावर आधी पोहोचायची असेल, तर तिथली मोकळी भातखाचरे अजून मोकळी आहेत तोवरच ते काम करावे लागेल.